पोरगा काडीपैलवान आणि खेळ फुटी: मेलबर्नच्या मराठी आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास इथे ज्युनिअर फुटीची नावनोंदणी चालू असते आणि मंडळाच्या कार्यक्रमात श्रीखंड वाढता वाढता कोणीतरी मला बाजूला घेऊन तेच विचारतं, "अगं, तुझा तो एवढासा, तू त्याला कसं काय घातलंस त्यात?" माझा मुलगा आता १५ चा आहे, ८ वर्षांचा असल्यापासून खेळतोय, आणि बहुतेक सगळी वर्षं टीममधला सर्वात हलका तोच होता. मी डॉक्टर नाही, कोच नाही, दर रविवारी थंडीत बाउंड्रीवर उभी राहणारी आई आहे फक्त. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी हे सांग, ही फुटी म्हणजे रग्बीच ना?

नाही हो. रग्बी वेगळं. ही ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे एएफएलवाली (एएफएल ही इथली सर्वात वरची व्यावसायिक लीग). लंबगोल मैदान, क्रिकेटचंच बहुतेक, एका बाजूला १८ खेळाडू, चार खांब, मधल्या दोन खांबांतून किक गेली तर ६ पॉइंट, बाजूच्यातून गेली तर १. बॉल हाताने फेकता येत नाही, मुठीने मारून द्यायचा किंवा किक करायचा. कोणी १५ मीटर किंवा जास्त लांबून मारलेला बॉल हवेत झेलला की तो मार्क, मग तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. आणि ऑफसाइड नाही, त्यामुळे धक्का समोरून, मागून, बाजूने, कुठूनही येतो. तुमची खरी काळजी हीच आहे मला माहितीये.

१२ वर्षांचा आहे, ३४ किलो. त्या धिप्पाड पोरांमध्ये चिरडणार नाही का?

कबड्डीत आपल्याकडे वजनाचे गट असतात, इथे नाहीत, इथे फक्त वय. आणि गट १ जानेवारीच्या हिशोबाने, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेला पोरगा जानेवारीवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असून त्याच गटात. त्यात या वयात शरीराचं वय वेगळंच चालत असतं. एकाच वर्गातली दोन पोरं शरीराने तीन-चार वर्षं मागेपुढे असू शकतात. आमच्या अंडर १३ च्या पहिल्याच मॅचला समोरच्या टीममध्ये एक पोरगा होता, त्याला मिशी होती. मिशी! माझ्याला अजून दुधाचे दात पडायचे राहिले होते दोन. मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा स्कोअरबोर्डकडे बघत होता.

पण चिरडला वगैरे नाही. अगदी लहान गटात टॅकल नसतोच, मग नुसतं धरायला परवानगी, मग हळूहळू खरा टॅकल. मैदान लहान, बॉलही लहान साइजचा. एकदम सिंहाच्या गुहेत सोडत नाहीत कोणी. आणि मैदान मोठं होत जातं तसा मोकळा बॉलही भरपूर मिळतो, तिथे वजनाचं काही चालत नाही, पळणं चालतं.

उंची वाढतेय पण अंग भरतच नाही. शेवग्याची शेंग झालाय नुसता.

हाच क्रम आहे शरीराचा. मुलांची उंची साधारण १३-१४ च्या आसपास झपाट्याने वाढते, वर्षाला ८-१० सेंटीमीटरसुद्धा. वजन त्याच्या मागून, सहा महिने ते वर्षभराने. ताकद त्याच्याही मागून. म्हणजे मधला एक काळ असा असतो की हातपाय लांब झालेत आणि ते कुठे जातायत हे पोराला स्वतःलाच कळत नाही. माझा मुलगा त्या वर्षी घरातल्या प्रत्येक दाराला धडकला. सोपे सोपे मार्क सोडायला लागला, किक वाकडी जायला लागली, आम्हाला वाटलं लक्ष उडालं याचं. कोच हसून म्हणाला, पाय नवीन आहेत त्याचे, सवय होऊ दे. झाली सवय. सहा-आठ महिने गेले त्यात.

मग खायला काय घालू? कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.

पहिलं म्हणजे "कितीही" म्हणजे किती ते तीन दिवस लिहून काढा. मी काढलं तेव्हा कळलं की साहेब सकाळी न खाता जातात, डबा अर्धा परत येतो आणि रात्री मात्र सहा पोळ्या, आणि आपल्याला त्या सहा पोळ्याच लक्षात राहतात.

खेळणाऱ्या ४० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम प्रोटीन पुरतं. एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यात ७ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच. मोजून बघा, जमतं की नाही. शाकाहारी असाल तरी जमतं, फक्त रोज साबुदाणा आणि बटाटा नको. आमच्याकडे ट्रेनिंगहून आल्या आल्या दूध, केळं आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी, जेवण नंतर. थंडीत डिंकाचे लाडू आईने पाठवलेले, पण त्याने उंची वाढते वगैरे आजीचं म्हणणं आहे, माझं नाही.

आणि झोप. किशोरवयात ८ ते १० तास. आमच्या घरातली खरी भांडणं प्रोटीनवरून नाही, रात्री साडेदहाला हातात असलेल्या फोनवरून होतात.

प्रोटीन पावडर, क्रिएटिन? दुकानदार म्हणाला एकदम सेफ.

दुकानदार विकायलाच बसलाय. डबा घेऊन आधी डॉक्टरकडे किंवा डाएटिशियनकडे जा. इथल्या लोकांना एएफएलमधल्या एसेन्डन क्लबचं प्रकरण चांगलं आठवतंय. २०१२ च्या सीझनमधल्या इंजेक्शन-सप्लिमेंटच्या कार्यक्रमापायी जानेवारी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. ती मोठी माणसं होती, मागे अख्खा व्यावसायिक क्लब होता, तरी हे झालं. आपण १४ वर्षांच्या पोराला कशाला काय द्यायचं.

जिम कधीपासून? वजन उचललं की उंची खुंटते ना?

खुंटत नाही. नीट शिकवणारा माणूस समोर असेल आणि वजन बेताचं असेल तर लहान मुलांनाही ताकदीचे व्यायाम चालतात, उलट दुखापती कमी होतात. आपल्या आखाड्यात पोरं जोर-बैठका लहानपणापासूनच मारतात की. आमच्याने १३ व्या वर्षी सूर्यनमस्कार, बैठका, पुश-अप्स, दोरीवरच्या उड्या आणि एका पायावर तोल सांभाळणं एवढंच केलं. बार वगैरे १५ ला, तोही आधी रिकामा. आरशासमोर दंड फुगवून बघणं मात्र १३ लाच सुरू झालं होतं, त्याला काही इलाज नाही.

पण खरं सांग, असा बारीक मुलगा पुढे जातो का कुठे? की नुसतं मन राखायला खेळवतात?

मला हा प्रश्न विचारला की मी एएफएल खेळणाऱ्या केलेब डॅनियलचं नाव घेते. उंची १६८ सेंटीमीटर. म्हणजे दादरला लोकलमध्ये चढला तर गर्दीत दिसणार पण नाही असा माणूस. त्याच खेळात मेसन कॉक्स २११ सेंटीमीटरचा, दोघांत ४३ सेंटीमीटरचा फरक, एकाच मैदानावर, एकाच बॉलमागे.

केलेब साउथ ऑस्ट्रेलियाचा. २०१४ मध्ये देशभरातल्या अंडर १८ स्पर्धेतल्या वरच्या गटात सर्वोत्तम खेळाडूचं लार्क मेडल त्याला मिळालं. म्हणजे त्या वयातला सर्वात भारी खेळणारा पोरगा म्हणून शिक्कामोर्तबच. आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे जिथे क्लब ओळीने नवीन पोरं निवडतात, तिथे त्याचं नाव ४६ व्या नंबरला आलं. ४५ वेळा कोणी ना कोणी दुसऱ्या पोराचं नाव घेतलं. उंची कमी पडली, दुसरं काय. वेस्टर्न बुलडॉग्जने घेतला. २०१६ मध्ये त्या क्लबने १९५४ नंतर पहिल्यांदा फ्लॅग, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि ग्रँड फायनलच्या टीममध्ये हा होता, २० वर्षांचा. २०२० मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला आणि क्लबचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढे २०२४ च्या शेवटी नॉर्थ मेलबर्नला गेला.

त्याचं खेळणं बघा एकदा, मुलाला शेजारी बसवून. तो गर्दीत घुसून कोणाला उचलून आपटत नाही. बॉल कुठे पडणार हे त्याला दुसऱ्यांपेक्षा थोडं आधी कळतं, आणि किक अशी की समोरच्याला छातीवर मिळते. बुटका आहे म्हणून तो बॉलच्या आधीच जवळ आहे, वाकायला कमी लागतं, हे गमतीत नाही म्हणत मी, खाली पडलेल्या बॉलला ते खरंच उपयोगी पडतं.

याच बुलडॉग्जचा, तेव्हा फुटस्क्रे नाव होतं, टोनी लिबराटोरे १६३ सेंटीमीटरचा, १९९० चं ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचं, त्याचं. आणि लॅकी नील २०११ च्या ड्राफ्टला ५८ वा, नंतर २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो. म्हणून तुमचा पोरगा एएफएल खेळेल असं नाही म्हणत. ९९ टक्के पोरं नाही खेळत, धिप्पाड पण नाही खेळत.

तो घाबरतो. बॉलवर जाताना ऐनवेळी थांबतो. टोमणे मारून उपयोग होईल?

नाही. मी मारलेत, म्हणून सांगते.

अंडर १३, जुलै, मैदान म्हणजे नुसता चिखल. बॉल दोघांच्या मधोमध पडला, एका बाजूने माझा, एका बाजूने तो मिशीवाला. माझ्या डोळ्यांदेखत याची पावलं आखडली, अगदी दोनच पावलं, मान बाजूला वळली आणि बॉल गेला. कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांनी बघितलं. गाडीत मी म्हणाले, "काय रे, एवढं काय घाबरायचं?" तो सीट बेल्टच्या कडेचा धागा ओढत बसला, घर येईपर्यंत एक शब्द नाही. मला आजही त्या वाक्याचं वाईट वाटतं.

मग नवऱ्याने, जो एरवी स्कोअरबोर्ड बघतो, सोफ्याची उशी घेतली आणि मागच्या अंगणात रोज दहा मिनिटं एकच गोष्ट. बॉल घरंगळत सोडायचा, पोराने वाकून उचलायचा, आणि उचलताना नवरा उशीने बाजूने धक्का देणार. पहिल्या आठवड्यात हळू, मग जोरात. शिकायचं एवढंच, की गुडघे वाकवून जायचं, डोकं पुढे घालायचं नाही, बॉलला थोडं आडवं होऊन खांदा आणि कंबर समोरच्याकडे ठेवायची, आणि डोळे बॉलवर, उघडे. धक्का लागताना मऊ पडलं तर जास्त लागतं, अंग आवळून धरलं तर कमी. त्याला तोपर्यंत हे कळलंच नव्हतं की धक्का कमी लागावा म्हणून काही करता येतं. त्याला वाटत होतं की धाडसी पोरांना लागत नाही आणि आपण घाबरट म्हणून आपल्याला लागेल.

ऑगस्टमध्ये कधीतरी, मॅच हरत आलेली, तसाच बॉल मधे पडला. हा आडवा होऊन गेला, उचलला, आपटला, आपटता आपटता मुठीने बॉल बाजूच्याला दिला आणि त्या बाजूच्याने गोल केला. सगळे त्या गोलवाल्याला मिठ्या मारायला धावले. माझा पोरगा चिखलात बसून तोंडातला माउथगार्ड पुसत होता आणि दात काढून हसत होता. कोणाचं लक्षही नव्हतं. नवऱ्याचं होतं.

मग खरं धाडस कशाला म्हणतात इथे?

यावर इथले लोक तासन्‌तास बोलतात. खेळाडूंची संघटना दरवर्षी सर्वात धाडसी खेळाडूला रॉबर्ट रोझ पुरस्कार देते, मतं खेळाडूंचीच, म्हणजे बघा किती मानतात. आणि जुन्या लोकांना विचारलं की बरेच जण २००४ चा निक रीवोल्टचा मार्क सांगतील, सेंट किल्डा विरुद्ध सिडनी. बॉल याच्या डोक्यावरून पुढे चाललाय, हा त्याच दिशेने मान वर करून पळतोय, म्हणजे समोरून कोण येतंय ते याला दिसतच नाहीये, आणि येणार सगळे पूर्ण वेगात. तरी नजर हलली नाही, झेलला. त्या पळण्याला मी मानते, पण १२ वर्षांच्या पोराला ते दाखवून "असं कर" म्हणू नका. तो २००० च्या ड्राफ्टचा पहिल्या नंबरचा खेळाडू, उंच, सडपातळ, अफाट पळणारा, आणि हवेत अंग कसं वळवायचं ते वर्षानुवर्षं घोटलेलं.

बारीक मुलाने टॅकल कसा करायचा? तो लोंबकळतो नुसता.

लोंबकळला तरी बॉल सुटला की काम झालं! नियम असा की खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरायचं. वर गेलं की फ्री किक समोरच्याला. हलक्या पोराने छातीला छाती भिडवायची नाही, कमरेला मिठी मारायची, कान त्याच्या पाठीला चिकटवायचा, आणि शक्य तर त्याचा एक हात सापडवायचा, म्हणजे त्याला मुठीने बॉल देता येत नाही. कबड्डी खेळलेल्या बाबांना हे लगेच कळतं, एकट्याने पकड धरून ठेवायची, बाकीचे येतातच. फक्त घोट्यात सूर मारायची सवय असेल तर विसरा, इथे चालत नाही. २०१२ मध्ये सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय असाच खालून घसरत आलेल्या खेळाडूमुळे मोडला आणि २०१३ पासून गुडघ्याखाली जोरात धडकलं की फ्री किक जाते.

हेल्मेट घेऊन दिलं की टेन्शन संपलं ना?

नाही संपलं. केलेब डॅनियल हेल्मेट घालतो म्हणून खूप जण विचारतात. मऊ हेल्मेटने खरचटणं, फुटणं, कानाला लागणं वाचतं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हिसका, वाचत नाही, कारण मेंदू आतल्या आत हलतो, बाहेरून कितीही स्पंज लावा. घालायचं तर घाला, पण ते घातलं म्हणून पोरगा जास्तच डोकं घालायला लागला तर उलटंच झालं. माउथगार्ड मात्र हवाच, दातांसाठी. डेंटिस्टकडून बनवून घ्या, उकळत्या पाण्यातला आमचा एका सीझनमध्ये चावून चावून संपला.

आणि डोक्याला लागलंच तर?

हे नीट वाचा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल.

२०१४ चा तोच ड्राफ्ट, ज्यात केलेब ४६ वा होता. पहिला कोण होता? पॅडी मकार्टिन, १९४ सेंटीमीटर, सगळ्यांना हवा होता तसा देह. सेंट किल्डाने घेतला, डोक्याला परत परत लागत गेलं, क्लब सुटला, मग सिडनीकडून २०२२ मध्ये परत आला, ग्रँड फायनलसुद्धा खेळला, २०२३ मध्ये पुन्हा लागलं आणि संपलं करिअर. तिसरा होता अँगस ब्रेशॉ, हा तर बरीच वर्षं हेल्मेट घालून खेळला. २०२३ च्या फायनल्समध्ये डोक्याला लागलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त. तेव्हा "अंग भरलं की काळजी मिटली" हे डोक्यातून काढून टाका. अंगाचा आणि यांच्या डोक्याचा काही संबंध नव्हता.

आमच्याकडे गेल्या सीझनला झालं. कोणाचा तरी गुडघा याच्या कानाच्या वर बसला. उठला, अंगठा दाखवला, खेळत राहिला, मी पण टाळ्या वाजवल्या, काय सांगू. ब्रेकमध्ये याने मित्राला विचारलं कितवा क्वार्टर चाललाय. मित्राने सांगितलं तिसरा. मिनिटाने परत विचारलं. त्या मित्राने, स्वतः १४ वर्षांचा, सरळ ट्रेनरला, म्हणजे टीमच्या प्रथमोपचारवाल्याला, हाक मारली. माझा पोरगा त्याच्यावर चिडला, दोन दिवस बोलला नाही. मी त्या मित्राला पुरणपोळ्या नेऊन दिल्या.

ज्युनिअर आणि लोकल फुटीत कन्कशननंतर मॅच खेळायला कमीत कमी २१ दिवस थांबावं लागतं, एएफएलच्या वरच्या पातळीवर कमीत कमी १२. कमीत कमी म्हणजे तेवढ्यात बरा होतोच असं नाही, डॉक्टरने लेखी सोडलं पाहिजे. आणि आधी शाळा, मग पळणं, मग धक्काबुक्की. पहिले काही दिवस आमच्याला पुस्तक वाचूनही डोकं दुखायचं. उलटी झाली, झोपेतून नीट उठत नाहीये, डोकेदुखी वाढतेय, मान दुखतेय, असं काही दिसलं तर थांबायचं नाही, थेट इमर्जन्सी.

आता डोक्याला लागलं की तो स्वतः हात वर करतो. मागच्या महिन्यात केला, काही निघालं नाही, तरी बसवला त्याला पूर्ण मॅच. बाजूचे एक बाबा पुटपुटले, "सॉफ्ट आहे जरा." मी बघितलं त्यांच्याकडे. पुढचं लिहीत नाही.

गुडघ्याखाली टेंगूळ आलंय आणि टाच दुखते म्हणतो. नाटक?

नाटक नाही. हाडं वेगाने वाढतात आणि स्नायूंची ओढ जिथे हाडाला जोडलेली असते तिथे दुखतं. गुडघ्याखालच्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, टाचेच्याला सीव्हर्स. फिजिओ पळणं-उड्या कमी करायला लावतो, काही व्यायाम देतो, बर्फ, आणि वाढ संपली की बहुतेकांचं जातं. मॅचच्या दिवशी गोळी देऊन खेळवू नका फक्त.

मुलगी आहे आमची, तिलाही हेच लागू?

खाणं, झोप, धक्क्याची शिकवण सगळं तेच. एक जास्तीचं म्हणजे गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, मुलींमध्ये ते तुटण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यासाठी प्रेप-टू-प्ले नावाचा वॉर्म-अपचा कार्यक्रम आहे, उडी मारून उतरणं, वळणं, टॅकल हे सगळं त्यात शिकवतात. कोचला विचारा टीम तो करते का. आणि २०१७ पासून एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची लीग, आहेच, तिला घेऊन जा बघायला.

कोच त्याला कायम कोपऱ्यात, फॉरवर्ड पॉकेटला उभा करतो. बोलू का जाऊन?

बोला, पण मॅचनंतर लगेच नाही, मंगळवारी ट्रेनिंगला. आणि "माझा मुलगा" ने सुरुवात करू नका, "त्याने विंगवर खेळायला काय शिकावं" असं विचारा. विंग म्हणजे मैदानाच्या कडेकडेने भरपूर पळायची जागा, हलक्या आणि दमदार पोराला एकदम फिट. आमच्या कोचने दोन किलोमीटर पळवून बघितलं आणि पुढच्या रविवारी तिकडे टाकला.

शेवटचं, बाउंड्रीवर उभं राहून ओरडायचं काय? आम्हाला नियमच कळत नाहीत.

अंपायरला काही नाही. पोराला नाव घेऊन सूचना पण नाही, मराठीत तर अजिबात नाही, माझ्याने मला तशी शपथच घातलीये. समोरच्या टीमच्या कोणाला आपल्या पोराने बॉलसकट गच्च धरलं की आजूबाजूचे सगळे एका सुरात "बॉऽऽऽल!" ओरडतात, म्हणजे त्याने बॉल सोडला नाही म्हणून आपल्याला फ्री किक मागतात, त्यात आपला आवाज मिसळायचा. मला दोन वर्षं वाटत होतं की बॉल हरवला म्हणून ओरडतात.